देहाचीच प्रयोगशाळा : जे. बी. एस. हाल्डेन

जॉन बर्डन सँडरसन हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील श्वसनक्रियेचे थोर अभ्यासक. खाणीतील विषारी वायूंची परीक्षा ते स्वतःवर करीत आणि लहानग्या मुलालाही खाणीत नेत. धोका आधी आपण पत्करावा, हा त्या घराचा संस्कार होता. पहिल्या महायुद्धात जखमी झालेले हाल्डेन काही काळ महू येथे राहिले. भारताची ओढ त्यांना तेव्हापासूनची.

पुढे आनुवंशिकीत त्यांनी कीर्ती मिळवली. पण त्यांच्या धैर्याची खरी कसोटी लागली ती दाबकक्षात. १ जून १९३९ रोजी ‘थेटिस’ ही ब्रिटिश पाणबुडी बुडून ९९ जण मृत्युमुखी पडले. अशा संकटातून माणूस जिवंत कसा सुटेल, याचा शोध हाल्डेन यांनी पोलादी कक्षात स्वतःला कोंडून घेऊन सुरू केला.

समुद्रात दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. अतिदाबाखालचा प्राणवायू मेंदूला घातक ठरतो, हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ मध्येच दाखवले होते. त्यातून निर्माण होणारे अतिक्रियाशील रेणू मेंदूच्या पेशींचा तोल बिघडवतात. ओठ फडफडतात, मळमळते, दृष्टीचा आवाका आक्रसतो. कधी तर कोणतीही पूर्वसूचना न मिळता आकडी येते. मनुष्य हा दाब किती आणि किती वेळ सोसू शकतो, हे मात्र पुरेसे ज्ञात नव्हते. ते शोधताना हाल्डेन यांना जबर आकडी आली, पाठीचे मणके दबले आणि ते दुखणे कायमचे सोबत राहिले.

१९५७ मध्ये पत्नी हेलन स्पर्वे यांच्यासह ते भारतात आले, कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत रुजू झाले आणि पुढे भारताचे नागरिकही झाले. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह काकीनाडा येथील रंगराय वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्वाधीन करण्यात आला.

आज बेंगळुरूतील रुग्णालयांत मधुमेहाच्या न भरणाऱ्या जखमांसाठी दाबकक्षात प्राणवायू दिला जातो. दाब साधारणतः तीन वातावरणांपलीकडे नेत नाहीत, वेळ मोजून ठेवतात, मधूनमधून साधी हवा देतात; म्हणूनच रुग्णाला आकडी क्वचितच येते. ही सावधगिरी ज्यांच्या सोसण्यातून जन्मली, त्यांत हाल्डेन अग्रभागी होते.