गिटार न वाजवणारा गिटारकार

इलेक्ट्रिक गिटारची मान एकाकडून, धड दुसऱ्याकडून आणि पिकअप तिसऱ्याकडून आणून घरच्या टेबलावर ती जोडणारे हौशी वादक आज जगभर आहेत. हे ज्यांच्यामुळे शक्य झाले, त्या लिओ फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती.

१० ऑगस्ट १९०९ रोजी कॅलिफोर्नियातील एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बालपणीच एक डोळा गेला. शिक्षण हिशेबनीसाचे, ओढा मात्र रेडिओकडे. मंदीच्या काळात नोकरी गेल्यावर १९३८ मध्ये उसन्या ६०० डॉलरवर त्यांनी फुलर्टन येथे रेडिओदुरुस्तीचे दुकान थाटले.

वादक तेथे अॅम्प्लिफायर दुरुस्तीला आणत. त्या काळी गिटारची मान धडाला सरसाने पक्की चिकटवलेली असे. मान वाकली की कुशल कारागिराचे पाय धरणे आले. फेंडर यांनी गिटारकडेही रेडिओसारखेच पाहिले. बिघडलेला भाग काढावा, नवा बसवावा! १९५० मध्ये त्यांनी भरीव लाकडाच्या फळीला मेपलची मान चार स्क्रूंनी जोडलेली गिटार बाजारात आणली. पहिल्या काही माना पोलादी कांबीअभावी वाकल्या. मग कांब आली. हीच गिटार १९५१ पासून टेलिकास्टर म्हणून ओळखली जाऊ लागली. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये तर तिन्ही पिकअप प्लॅस्टिकच्या एकाच पट्टीवर बसवलेले होते. पट्टी उचलली की सारी वायरिंग हाती!

या गिटारींत तारेची मोकळी लांबी साडेपंचवीस इंच असते आणि मानेवरील पडदे त्याच हिशेबाने बसवलेले असतात. म्हणून सुटे भाग जमवणाऱ्याने ब्रिजची जागा चुकवली, तर महागडे पिकअपही बेसूरच वाजतात.

दीर्घ आजाराने खचलेल्या फेंडर यांनी १९६५ मध्ये कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. पुढे प्रकृती सुधारली. पण कंपनीबरोबर नावही गेले होते. कारखान्यातून फेंडर नावाच्या गिटारी बाहेर पडत राहिल्या आणि खुद्द फेंडर आधी म्युझिक मॅन, मग जी अँड एल या नावांखाली नव्या गिटारी घडवत राहिले. माणसाचे नावही असे सुटा भाग ठरावे, हे विलक्षणच.

पुढे कंपवाताने ग्रासले, तरी त्यांनी कार्यशाळा सोडली नाही. २१ मार्च १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. आदल्या दिवशीही ते कामावर होते.