दुष्काळ, दलाल आणि पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की चर्चा धर्मांतरापाशी येऊन अडते. त्या वादात महाराष्ट्राने पुष्कळ शाई खर्च केली. पण दुष्काळात निराधार झालेल्या मुली दलालांच्या हाती पडू नयेत म्हणून या बाईंनी केलेल्या कष्टांची नोंद मात्र त्या मानाने त्रोटकच राहिली.

1858 मध्ये जन्मलेल्या रमाबाईंना भूक पुस्तकातून कळलेली नव्हती. 1874 मध्ये अन्नान्नदशेत त्यांचे आईवडील गेले आणि भावासह त्या देशभर पायी हिंडल्या. कलकत्त्याने पुढे त्यांना पंडिता म्हणून गौरविले. 1882 मध्ये वैधव्य आले. त्याच वर्षी त्यांनी हंटर आयोगापुढे स्त्री-डॉक्टरांची मागणी केली; कारण पुरुष वैद्यापुढे दुखणे सांगण्यापेक्षा बायका मरण पत्करीत.

1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. भुकेल्या मुलींना अन्नाचे आमिष दाखवून पळविणारी माणसे तेथे वावरत होती. रमाबाईंनी सुमारे 300 मुली आणल्या. हाडांचे सापळे झालेल्या, त्वचारोगांनी ग्रासलेल्या या मुलींना आधी बरे करावे लागले. मग केडगावच्या मुक्तिसदनात लिहिणे-वाचणे, विणकाम, शेती, छपाई आणि रुग्णसेवाही शिकविली गेली. 1900 च्या सुमारास तेथील वस्ती दीड हजारांच्या घरात होती.

याच काळात पुण्यात प्लेग होता. त्यांच्या आश्रयाखालील एक आजारी मुलगी प्लेगच्या छावणीत नेली गेली आणि तेथून बेपत्ता झाली. 1897 च्या मे महिन्यात रमाबाईंनी ही हकीकत ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर केली. सरकारने आरोप झिडकारले. आरोग्ययंत्रणाच बेफिकीर असेल तर मुली तिच्यातूनही नाहीशा होतात, हे तेव्हा लिहिण्यास धैर्य लागत होते.

रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी वारल्या. भोकरदन तालुक्यातील धावड्यासारख्या गावात आज घरोघर फिरते ती आशा कार्यकर्ती. कोणती मुलगी शाळेतून काढली, कोणाचे लग्न अल्पवयात ठरले, कोणते बिऱ्हाड मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघाले, हे तिला सर्वांआधी कळते. परंतु ती त्याच गावची सून असते आणि दलालही बहुधा ओळखीचाच असतो. तिने तक्रार केली तर तिचे नाव गुप्त राखण्याची आणि तिच्या पाठीशी उभे राहण्याची जबाबदारी तालुक्याच्या अधिकाऱ्यांनी घेतली पाहिजे. रमाबाई सरकारच्या नोकरीत नव्हत्या. आशाचा मोबदला मात्र सरकारी यंत्रणेकडूनच येतो.