अब्दुल करीम खाँ आणि लंडनची पेटी

मंडळी, आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी भारतातून सांभाळून आणलेली पेटी असेल. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एक पेटी मात्र इथे लंडनमध्ये तयार झाली, ती आपल्या संगीतासाठी. त्या पेटीमागे गळा होता उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा.

खाँसाहेब 1872 साली उत्तरेत कैराना इथे जन्मले, पण माणूस आपल्याकडचाच झाला. बडोद्याचा दरबार सोडून ते महाराष्ट्रात आले, पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवले आणि मिरजेला घर केले. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, हिराबाई बडोदेकर त्यांची मुलगी.

सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांना 22 श्रुतींचा ध्यास होता. नेहमीच्या पेटीत सप्तकाचे 12 ठरलेले स्वर. दरबारीतला खाली झुकणारा गंधार तिच्यात कुठून मिळणार? खाँसाहेब स्वर लावायचे आणि देवल तो तारेवर मोजायचे. आपल्या गळ्याची अशी मोजमापे घेऊ देणारा उस्ताद त्या काळात विरळाच! 1910 मध्ये देवलांचे पुस्तक आले. मग अर्नेस्ट क्लेमेंट्स या आय.सी.एस. अधिकाऱ्याने यात मन घातले आणि लंडनच्या मूर अँड मूर कंपनीने श्रुती-हार्मोनियम बनवली.

1916 मध्ये बडोद्याच्या संगीत परिषदेत या पेटीवर बराच खल झाला. पंडित भातखंड्यांना हा श्रुतींचा हिशोब पटला नाही. पेटी मागे पडली ती पडलीच. आम्हाला वाटते, भातखंडे अगदीच चुकले नाहीत, कारण एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकणारी मींड पेटीत येणार कशी? पण कानाला कळते ते मोजून पाहावे, ही खाँसाहेबांची हौस आम्हाला फार मोलाची वाटते.

पुढे 1922 च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. खाँसाहेब गात राहिले. 1937 च्या ऑक्टोबरात मद्रासहून पाँडिचेरीला जाताना त्यांना बरे वाटेना, म्हणून ते सिंगापेरुमल कोइल स्टेशनवर उतरले. सांगतात की तिथेच तंबोरा जुळवून त्यांनी दरबारीत ईश्वराला आळवले आणि 27 तारखेला तिथेच डोळे मिटले.

त्यांना मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात दफन केले. तिथे उरुसात गवई अजून हजेरी लावतात. सुट्टीत त्या बाजूला गेलात तर मुलांना जरूर घेऊन जा.