श्री समर्थ रामदासस्वामी : चरित्र व ब्रह्मचर्याचा बोध

आपल्या गावच्या श्रीमारुतिरायाच्या मंदिराचा जीर्णोद्धार ग्रामस्थांच्या श्रमाने व दात्यांच्या औदार्याने पूर्णत्वास गेला. महाराष्ट्रात गावोगाव मारुतीची उपासना ज्यांनी रुजविली, त्या श्रीसमर्थांचे पुण्यस्मरण या मंगल प्रसंगी करणे हे आपले कर्तव्यच होय.

श्रीसमर्थांचा जन्म शके १५३०, म्हणजे इ. स. १६०८ मध्ये, रामनवमीच्या दिवशी मराठवाड्यातील जांब या गावी ठोसर घराण्यात झाला. वडील सूर्याजीपंत, मातोश्री राणूबाई व वडील बंधू गंगाधरपंत. समर्थांचे मूळ नाव नारायण. बाराव्या वर्षी लग्न ठरले असता मंगलाष्टकांतील ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच ते बोहल्यावरून निघून गेले, ही कथा घरोघरी सांगितली जाते. परंतु पुढे त्यांनी काय केले, इकडे आपले लक्ष कमी जाते.

ते नाशिकजवळ टाकळी येथे राहिले. तेथे १२ वर्षे पहाटे उठून नदीच्या पात्रात उभे राहून रामनामाचा जप, सूर्यनमस्कार, माधुकरी आणि ग्रंथांचे अध्ययन असा त्यांचा क्रम होता. त्यांच्या हस्ताक्षरातील मानली जाणारी वाल्मीकिरामायणाची पोथी धुळे येथील श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात जतन केलेली आहे. सात कांडांचा तो ग्रंथ हाताने उतरून काढणे म्हणजे केवढे कष्ट! समर्थांचे ब्रह्मचर्य असे होते. लग्न केले नाही एवढ्याने ते पूर्ण झाले नाही. वाचलेली सारी शक्ती त्यांनी अभ्यासाला, शरीरबळाला व पुढे लोककार्याला लावली.

त्यानंतर १२ वर्षे त्यांनी तीर्थाटन केले आणि इ. स. १६४४ च्या सुमारास ते कृष्णाकाठी आले. चाफळास इ. स. १६४८ मध्ये श्रीराममंदिर उभे राहिले. आसपासच्या गावी ११ मारुती स्थापन झाले, ठिकठिकाणी मठ निघाले. मठाच्या महंताला सतत हिंडावे लागे, भिक्षेवर राहावे लागे, परक्या घरी आयाबहिणींत वावरावे लागे. म्हणून त्याचे आचरण निष्कलंक हवे, हा समर्थांचा कटाक्ष होता. कल्याणस्वामी व उद्धवस्वामी हे त्यांचे शिष्य आजन्म ब्रह्मचारी राहिले.

मग संसारी माणसाने काय करावे? दासबोधाच्या तिसऱ्या दशकात एका प्रापंचिकाची कहाणी आहे. लग्न होते, लेकरे वाढतात, घरी खाण्यास पुरत नाही, तो परदेशी जाऊन मिळवितो. बायको जाते, पुन्हा लग्न करतो, आणि म्हातारपणी घरचेच त्याला विचारीत नाहीत. एवढेच वाचून कित्येक जण समजतात की समर्थांना संसारच नको होता. अशा समजुतीने एखादा तरुण मुलेबाळे टाकून घराबाहेर पडतो आणि मागे त्या माउलीने काय सोसावे, हे कोणी विचारीत नाही. परंतु तोच ग्रंथ पुढे वाचावा. बाराव्या दशकाच्या आरंभी समर्थ सांगतात की आधी प्रपंच नेटका करावा, मग परमार्थाचा विचार करावा. प्रपंच सोडून परमार्थ करू जाणारा कष्टी होतो, आणि परमार्थ सोडून प्रपंचात बुडणाराही दुःख पावतो. त्यांचे थोरले बंधू गंगाधरपंत गृहस्थाश्रमी असूनही परमार्थातील अधिकारी पुरुष होते. स्वतः समर्थही तीर्थाटनानंतर जांबेला जाऊन मातोश्रींना भेटले.

यावरून बोध असा की, विद्यार्थ्याने व तालमीतील मुलाने ब्रह्मचर्य पाळावे ते अंगी बळ व विद्या येण्यासाठी. गृहस्थाने एकपत्नीव्रत, मिताहार, निर्व्यसनीपणा व कष्टाची कमाई पाळावी; त्याचे ब्रह्मचर्य तेच. आजन्म व्रत ज्याला झेपेल त्याने आनंदाने घ्यावे, मात्र त्याचा डौल मिरवू नये आणि ते दुसऱ्यावर लादू नये.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. मारुती ब्रह्मचारी, म्हणून बायकांनी त्याच्यापासून दूर राहावे, असे काही ठिकाणी मानतात. समर्थांच्या परंपरेत याला आधार दिसत नाही. ११ मारुतींपैकी पहिला म्हणून प्रसिद्ध असलेला शहापूरचा चुन्याचा मारुती तेथील कुलकर्ण्यांच्या पत्नी सतीबाई यांच्या भक्तीसाठी स्थापन झाला, असे सांप्रदायिक चरित्रे सांगतात. बालविधवा वेणाबाईंना समर्थांनी अनुग्रह दिला, कीर्तन करण्याची मोकळीक दिली; मिरजेचा मठ त्यांच्याच नावाने ओळखला जातो. अक्काबाईंनी चाफळ व सज्जनगडचा कारभार पाहिला. ज्याने स्वतःचे मन जिंकले, त्याला स्त्रीजातीचे भय वाटण्याचे कारण काय?

शके १६०३ च्या माघ वद्य नवमीस, इ. स. १६८२ मध्ये, श्रीसमर्थ सज्जनगडावर रामरूपी विलीन झाले.

मंदिराच्या भिंती नव्या झाल्या, कळस चढला. आता येथे पोरांनी जोर काढावेत, थोरांनी पोथी ऐकावी, आणि मायबहिणींना दर्शनाची वाट पुरुषांइतकीच मोकळी असावी. ज्यांनी पैसा दिला, ज्यांनी डोक्यावर दगडमाती वाहिली, त्या सर्वांचा प्रपंच नेटका होवो व परमार्थ साधो, हीच श्रीसमर्थचरणी प्रार्थना.

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥