दुसरा गिटारिस्ट हवा की नको? जिमी हेंड्रिक्सने दोन्ही करून बघितलं

रॉक बँडचं साधं गणित असतं. एक गिटारिस्ट लीड वाजवतो, दुसरा मागून रिदम धरतो. जिमी हेंड्रिक्सने हे गणितच मोडलं.

१९४२ साली सिएटलमध्ये जन्मलेला जिमी आधी लिटल रिचर्डसारख्या स्टार्सच्या मागे उभा राहून वाजवायचा. १९६६ मध्ये चॅस चँडलरने त्याला लंडनला नेलं आणि बँड जमवायला घेतला. नोएल रेडिंग आला होता गिटारची ऑडिशन द्यायला, पण त्याच्या हातात दिला बेस! ड्रमवर मिच मिचेल. झाला तिघांचा बँड.

मग रिदम कोण धरणार? तोही जिमीच. गिटारच्या मानेवरून अंगठा वळवून तो खालचे सूर दाबायचा आणि मोकळ्या बोटांनी वर सुरावट गुंफायचा. स्टुडिओत तर स्वतःच्याच गिटारी एकावर एक रेकॉर्ड करायचा. बिचाऱ्या नोएलला मात्र गिटारची हौस भागवायला फॅट मॅट्रेस हा वेगळा बँड काढावा लागला. १९६९ मध्ये त्याने जिमीची साथ सोडली.

त्याच ऑगस्टमध्ये वुडस्टॉकच्या स्टेजवर जिमीसोबत चक्क दुसरा गिटारिस्ट होता, त्याचा जुना मित्र लॅरी ली. पण वर्ष संपेपर्यंत जिमी पुन्हा तिघांच्या बँडवर आला. १८ सप्टेंबर १९७० ला वयाच्या २७ व्या वर्षी तो गेला.

वुडस्टॉकचा तो कार्यक्रम १९९९ मध्ये अल्बम म्हणून आला, तेव्हा लॅरीने गायलेली गाणी त्यात नव्हती. त्याची गिटारही कान देऊन शोधावी लागते.