रीजंट्स पार्कचे वास्तुकार जॉन नॅश
लंडनच्या रीजंट्स पार्कलगत उभ्या असलेल्या शुभ्र, स्तंभयुक्त गृहपंक्तींचे जनक जॉन नॅश यांचा जन्म १७५२ साली झाला. ब्लूम्सबरी भागात विटांच्या भिंतींना गिलावा करून त्यांनी बांधलेली घरे भाड्याने गेली नाहीत आणि १७८३ मध्ये त्यांचे दिवाळे निघाले. वेल्समध्ये जाऊन त्यांनी पुन्हा जम बसविला. पुढे युवराज जॉर्ज यांचा आश्रय लाभला.

१८११ मध्ये मेरीलबोनची जमीन भाडेपट्टा संपून राजसत्तेकडे परतली, तेव्हा नॅश यांनी तेथे उद्यानाची योजना मांडली. उद्यानातून पाहता घरांची सलग रांग एकाच राजवाड्यासारखी भासावी, ही त्यांची कल्पना होती. कंबरलंड टेरेस ही १८२६ च्या सुमारास उभी राहिलेली वास्तू त्यांत सर्वांत भव्य. दर्शनी भाग दगडाचा वाटतो. प्रत्यक्षात वीट आणि वर तोच गिलावा!

ब्रायटनच्या राजप्रासादाला त्यांनी भारतीय धाटणीचे घुमट चढविले. बकिंगहॅम राजवाड्याचा खर्च मात्र हाताबाहेर गेला. १८३० मध्ये राजे चौथे जॉर्ज यांचे निधन होताच नॅश यांना त्या कामावरून दूर करण्यात आले. वाइट बेटावरील आपल्या निवासस्थानी १३ मे १८३५ रोजी त्यांनी अखेरचा श्वास घेतला. त्यांच्यामागे राहिलेले कर्ज फेडण्यासाठी पत्नीला मालमत्ता विकावी लागली.