बुकर टी. वॉशिंग्टन यांचे विद्यार्थिजीवन

थोर पुरुषांची चरित्रे स्मरणिकेत देण्याचा परिपाठ जुना आहे. यंदा आम्ही अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे पुढारी बुकर टी. वॉशिंग्टन यांचे चरित्र निवडले आहे. त्यातही त्यांच्या हॅम्प्टन येथील तीन वर्षांकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो; कारण एका मुलाच्या शिक्षणास किती जणांचा हातभार लागतो, हे तेथे स्पष्ट दिसते.

त्यांचा जन्म १८५६ साली व्हर्जिनिया प्रांतात गुलाम मातेच्या पोटी झाला. १८६५ साली यादवी युद्ध संपून गुलामगिरी गेली आणि हे कुटुंब वेस्ट व्हर्जिनियातील माल्डन गावी आले. बुकर प्रथम मिठाच्या भट्टीवर व पुढे कोळशाच्या खाणीत राबू लागले. गरीब विद्यार्थ्यांना श्रमाच्या मोबदल्यात अन्न व विद्या देणारी एक शाळा आहे, हे दोन खाणकामगारांच्या बोलण्यातून त्यांच्या कानी पडले. ती शाळा म्हणजे जनरल सॅम्युएल आर्मस्ट्राँग यांनी १८६८ साली स्थापिलेली हॅम्प्टनची शिक्षणसंस्था होय.

१८७२ साली, सोळाव्या वर्षी, ते निघाले. वाट सुमारे ५०० मैलांची. थोरले बंधू जॉन यांनी खाणीतील मजुरीतून जमेल तेवढे दिले. गुलामगिरीत उभे आयुष्य घालविलेल्या गावच्या वृद्धांनी कोणी पाच सेंट, कोणी पंचवीस सेंट, तर कोणी एक हातरुमाल त्यांच्या हाती ठेवला. रिचमंड शहरी पैसे संपले, तेव्हा त्यांनी फळ्यांच्या पदपथाखाली जमिनीवर रात्री काढल्या आणि दिवसा जहाजावरील माल उतरविला. हॅम्प्टनला पोचले तेव्हा खिशात अवघे ५० सेंट होते.

मळलेल्या वेषातील हा मुलगा पाहून मुख्य अध्यापिका मिस मॅकी साशंक झाल्या. त्यांनी त्यास एक वर्गखोली झाडण्यास सांगितले. बुकर यांनी ती तीनदा झाडली, चारदा पुसली. बाईंनी रुमाल फिरवून पाहिला. धुळीचा कण सापडला नाही. हीच त्यांची प्रवेशपरीक्षा ठरली आणि झाडलोटीचे कामही त्यांनाच मिळाले.

तेथील जीवन त्यांना सर्वस्वी नवे होते. ठरल्या वेळी भोजन, मेजावर स्वच्छ कापड, नित्य स्नान, दातांसाठी ब्रश! बिछान्यावरील दोन चादरींचे कोडे तर दोन रात्री सुटेना. पहिल्या रात्री ते दोन्ही चादरींखाली निजले, दुसऱ्या रात्री दोन्हींवर. इतर मुलांचे पाहून मग ते शिकले. वसतिगृहात जागा अपुरी पडली, तेव्हा विद्यार्थ्यांनी कडक हिवाळा आपण होऊन तंबूंत काढला.

दरमहा १० डॉलर भोजनखर्च होता. तो बहुतांशी ते श्रमाने फेडीत. वार्षिक ७० डॉलर शुल्क मात्र आवाक्याबाहेरचे होते. ते न्यू बेडफर्डच्या मॉर्गन नामक गृहस्थांनी भरले. पुस्तके उसनी मिळत आणि कपडे उत्तरेकडील दात्यांच्या पिंपांतून येत. १८७४ च्या उन्हाळ्यात मातेचे निधन झाले. तरीही ते परतले आणि १८७५ साली पदवीधर झाले.

नंतर काय केले, हे आम्हांस अधिक मोलाचे वाटते. ते माल्डनला परत गेले, दिवसा व रात्री शाळा चालविली आणि ज्या जॉनने आपल्याला मदत केली त्याला हॅम्प्टनला धाडले. १८८१ साली ३० विद्यार्थी घेऊन त्यांनी अलाबामातील टस्कीगी येथे संस्था उघडली. १९१५ साली ते निवर्तले, तेव्हा तेथे सुमारे १,५०० विद्यार्थी शिकत होते.

हस्तव्यवसायावर भर देताना त्यांनी उच्च शिक्षण व राजकीय हक्क मागे ठेवले, असा आक्षेप डॉ. ड्यू बॉइस यांनी १९०३ साली घेतला. तो आम्ही दुर्लक्षणीय मानीत नाही. आपल्या मुलांना उद्योग व उच्च विद्या दोन्ही हवीत. परंतु माल्डनच्या त्या वृद्धांचे ऋण याने कमी होत नाही. त्यांपैकी पुष्कळांना स्वतःला अक्षरओळखही नव्हती. म्हणून विद्यार्थी साहाय्य निधीस देताना आपली रक्कम लहान आहे, असा संकोच कोणी बाळगू नये.